मोजणारी मी

शनिवारी रात्री दहाला सेलममध्ये तो शटर ओढतो
आणि इकडे लेंगऱ्यात मी भांडी पालथी घालते.
समोर मी अहो म्हणते. इथं लिहिताना, तो.
मोबाईल शेंगदाण्याच्या डब्याला टेकवायचा,
डबा अर्धा तरी भरलेला लागतो,
रिकामा असला की घसरतो.

दिवाळीला आला तेव्हा दोन पेनड्राइव्ह आणले होते,
तेच तेवीस सिनेमे दोन्हींत.
एक माझ्या टीव्हीला, एक त्याच्या.
नेट फक्त तोंडं दिसण्यापुरतं.

"लावू?"
"थांब, हात धुतो."
धुऊन तेजाबाचा वास जातो की नाही कोण जाणे,
बोटांवरचे पिवळे डाग तेवढे दिसतात,
टॉवेलला पुसले तरी पिवळेच.
"तीन, दोन, एक, लावा."

मी लावते. तोही लावतो.
पण माझं "लावा" त्याच्यापर्यंत पोचायचं
तर मधे अख्खं कर्नाटक आहे.
विनोद होतो, मी हसते,
खोली गप्प,
मग तो हसतो.
दीड सेकंद. कधी तीन.
तेवढ्यात मला वाटून जातं,
त्याला आवडलंच नाही.

"उशिरा हसताय तुम्ही."
"तूच घाई करतीस."

पुढच्या शनिवारी त्याने मोजलं
आणि काय नवल, हसू जोडीनं आलं!
मी म्हटलं, बघा, आज कसं जमलं.
तो म्हणाला, कुठं जमलं?
आज तुझंच मागनं येतंय.

तेव्हा उलगडलं.
जो मोजतो, त्यालाच थांबावं लागतं.
भांडलो नाही. पाटाच्या पाण्यासारखं वाटून घेतलं,
एक शनिवार त्याचा, एक माझा.

तसा शेजारी बसून आम्ही सिनेमा पाहिलाय कधी?
लग्नाच्या वर्षी रेणावीच्या जत्रेत तंबू लागला होता.
मधे काथ्याचा दोर,
अलीकडे बाया, पलीकडे गडी.
मी नणंदेच्या, सुलाबाईच्या, मांडीला मांडी लावून.
पडद्यावर कोण नाचत होतं आठवत नाही.
पलीकडं अंधारात दोनशे गडी हसले,
त्यातलं एक हसू मी वेचून काढलं.
आठच दिवस ऐकलेलं,
तरी चुकले नाही.
सुलाबाई म्हणाली, वैनी, सिनेमा तिकडं आहे.

काल मोजायची बारी माझी.
मध्यंतरानंतर त्याचं हसू येईना.
तीन सेकंद थांबले, पाच थांबले,
पाहिलं तर मान कलंडलेली,
दिवसभर भट्टीपुढं बसलेला माणूस.
टीव्हीचा उजेड तेवढा तोंडावर हलत होता.
माझ्याकडं घर पेटून विझलं
की मग त्याच्या कपाळावर पेटायचं.
माझ्याकडं पहाट झाली
की जरा वेळानं त्याच्या गालावर.
मग मी टीव्हीकडं बघितलंच नाही फारसं.

शेवटी बस येते. माणसं उतरतात,
कोंबड्या, पोती, एक म्हातारा.
ती वाट बघत असते तो उतरत नाही.
कंडक्टर दार आपटतो.
माझी बस गेली, आणि सेलममधून
तीच बस पुन्हा आली, तेच दार पुन्हा आपटलं.
तो कूस बदलून घोरायला लागला.
फोन मी बंद केला नाही.
बॅटरी संपेपर्यंत होता चालू.

सकाळी विचारतोय, "शेवट काय झाला गं?"
"उतरला की. शेवटच्या बसमधनं, पिशवी घेऊन."
"वाटलंच मला."
तेवढ्यात त्याच्याकडं गिऱ्हाईक आलं,
काट्याचं पारडं वाजलं.

पेनड्राइव्ह त्याच्याकडंही आहे, सिनेमेही तेच.
लावून बघेल एखाद्या दुपारी,
की बघितला, म्हणूनच म्हणाला वाटलंच,
मी विचारलं नाही.

पुढचा शनिवार त्याचा.
मोजू दे त्याला.